रिव्हॉल्वरची जन्मतारीख

"आमच्याकडे पेशव्यांच्या काळातलं रिव्हॉल्वर होतं." पुण्याच्या पेठांमध्ये हे वाक्य मी निदान डझनभर घरांत ऐकलं असेल. सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याला आजीने सांगितलेलं असतं, आजीला तिच्या सासऱ्यांनी. वस्तू जुनी होती, वाडा जुना होता, मग काळही पेशव्यांचाच असणार, असा तो सरळ हिशोब.

पण तारखा जुळत नाहीत. दुसरा बाजीराव ३ जून १८१८ रोजी माल्कमच्या स्वाधीन झाला. आपण ज्याला रिव्हॉल्वर म्हणतो त्या हत्याराचं पेटंट सॅम्युअल कोल्टला इंग्लंडमध्ये १८३५ साली आणि अमेरिकेत फेब्रुवारी १८३६ मध्ये मिळालं. म्हणजे पेशवाई संपून सतरा-अठरा वर्षं झाल्यावर. फिरत्या कप्प्यांची कल्पना त्याहून जुनी आहे, हे खरं. हिंदुस्थानात तोड्याच्या बंदुकांनाही असे फिरते कप्पे बसवलेले नमुने आहेत. एलिशा कोलियर नावाच्या अमेरिकन माणसाने लंडनमध्ये चकमकीच्या दगडावर चालणाऱ्या फिरत्या बंदुकीचं पेटंट घेतलं, तेही नेमकं १८१८ सालीच. पण ती हत्यारं दुर्मिळ, आणि दिसायला इतकी वेगळी की त्यांना कुणी रिव्हॉल्वर म्हणणार नाही. माळ्यावरच्या ट्रंकेत जे सापडतं ते बहुतेक वेळा पेशवाईनंतर साठ-सत्तर वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा कुठल्याशा युरोपियन कारखान्यात बनलेलं असतं.

मग या उत्साही दंतकथांची हवा काढून घेणं एवढंच काम आहे का? मला तसं वाटत नाही. जुनं रिव्हॉल्वर वाचता येतं. कागदासारखंच वाचता येतं, फक्त त्याची लिपी वेगळी असते. आणि ते वाचलं की घरातली गोष्ट मोडत नाही, बरेचदा ती जास्त खरी होते.

आधी शब्दांचा घोळ

आपल्या बोलण्यात पिस्तूल, रिव्हॉल्वर, बंदूक हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात. एकोणिसाव्या शतकातल्या मराठीत तर हातात मावणारं कुठलंही गोळी झाडणारं हत्यार म्हणजे पिस्तूल. त्यामुळे जुन्या मजकुरात नुसता 'पिस्तूल' शब्द आला, तर ते एकबारी होतं की सहाबारी, हे त्या शब्दावरून ठरत नाही.

रिव्हॉल्वरमध्ये नळीच्या मागे एक गोल सिलिंडर असतो. त्याला पाच किंवा सहा घरं असतात आणि प्रत्येक बाराला सिलिंडर एकेक घर पुढे सरकतो. आजच्या अर्थाच्या पिस्तुलात असा सिलिंडर नसतो. त्याच्या मुठीत काडतुसांची पट्टी सरकवतात आणि पुढची गोळी आपोआप नळीत येते. रिव्हॉल्वर एकोणिसाव्या शतकाचं मूल आहे. आपोआप भरणारं पिस्तूल बाजारात आलं ते त्या शतकाच्या अगदी शेवटी. एवढा एक फरक कळला तरी अर्ध्या चुका टळतात. १८५७ च्या प्रसंगाच्या चित्रात कुणाच्या हातात सिलिंडर नसलेलं चपटं पिस्तूल दिसलं, तर चित्रकाराने चाळीसेक वर्षांची उडी मारली आहे, हे लगेच समजतं.

बाकी भागांना आपल्याकडे छान शब्द आहेत. बोटाने ओढतात तो चाप, मागे खेचतात तो घोडा, हातात धरतात ती मूठ. मुंबईच्या गुन्हेगारी बोलीत 'घोडा' म्हणजे सबंध हत्यारच झालं, तो शब्द इथूनच गेला.

दिवाळीतली टिकली आणि १८५७

पहिल्या पिढीचं रिव्हॉल्वर ओळखायचं तर दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल आठवा. घोडा टिकलीवर आपटतो, फट्ट आवाज होतो, ठिणगी पडते. १८३० ते १८६० च्या दरम्यानची रिव्हॉल्वरं याच तत्त्वावर चालत. प्रत्येक घरात पुढून दारू आणि शिशाची गोळी ठासायची, मागच्या बाजूला असलेल्या बारीक बोंडावर तांब्याची टोपी बसवायची. कोकणातली ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे लगेच कळेल. तीच पद्धत, फक्त सहा वेळा. सिलिंडरच्या मागच्या बाजूला अशी सहा किंवा पाच बोंडं दिसली, तर हत्यार या पिढीचं आहे.

१८५७ च्या युद्धात इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला जी रिव्हॉल्वरं होती ती याच पिढीतली. त्यात दोन घराणी ठळक. एक कोल्टचं. त्याने १८५३ ते १८५६ अशी जेमतेम चार वर्षं लंडनमध्ये थेम्सकाठी कारखाना चालवला. त्याचं 'नेव्ही' मॉडेल ओळखायला सोपं आहे. सिलिंडरभोवती टेक्सास आणि मेक्सिकोच्या जहाजांच्या लढाईचं चित्र कोरलेलं असतं, आणि लंडनला बनलेल्या नगावर नळीवर लंडनचा पत्ता असतो. दुसरं घराणं रॉबर्ट अॅडम्सचं, अस्सल इंग्रज. त्याचा सांगाडा एकसंध, घरं पाच. कोल्टमध्ये दर बाराला अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागे. अॅडम्समध्ये नुसता चाप ओढला की काम होई. १८५६ मध्ये ब्यूमाँट नावाच्या अधिकाऱ्याच्या सुधारणेनंतर अॅडम्स दोन्ही पद्धतींनी चालू लागलं.

इथे एक सापळा आहे. त्या कोल्टला '१८५१ नेव्ही' म्हणतात. म्हणून ते १८५१ साली बनलं असं होत नाही. ते मॉडेल अमेरिकेत १८७३ पर्यंत बनत होतं. नावातलं साल हे नमुना पक्का झाल्याचं साल असतं, तुमच्या हातातल्या वस्तूच्या जन्माचं नव्हे. गाडीचं मॉडेल आणि तिची नोंदणी यांत जो फरक, तोच इथे.

आरपार भोकं

पुढची पायरी म्हणजे धातूचं काडतूस. गोळी, दारू आणि ठिणगीचा मसाला एकाच पुंगळीत आले की पुढून ठासायची गरज उरत नाही. मग सिलिंडरची घरं आरपार असतात, एका बाजूने पाहिलं तर दुसऱ्या बाजूचा उजेड दिसतो.

फ्रान्समध्ये लफोशे पितापुत्रांनी रुळवलेल्या काडतुसाला बाजूने एक टाचणीसारखी पिन असे. ती बाहेर राहावी म्हणून सिलिंडरच्या कडेला छोट्या खाचा ठेवलेल्या असत. त्या खाचा दिसल्या की समजावं, हे पिनवालं रिव्हॉल्वर आहे. अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीने १८५७ मध्ये धातूच्या काडतुसाचं छोटं रिव्हॉल्वर काढलं. आरपार सिलिंडरचं पेटंट रोलिन व्हाइट या माणसाकडे होतं आणि त्याचा हक्क या कंपनीने घेतला होता. ते पेटंट एप्रिल १८६९ मध्ये संपलं. तोवर बाकीच्या अमेरिकन कारखानदारांचे हात बांधलेले होते. म्हणून आरपार सिलिंडरचं कोल्ट साधारण त्यानंतरचंच असतं. कायद्याच्या एका कागदाने लोखंडावर अशी तारीख उमटवून ठेवली आहे.

मात्र जुनी हत्यारं टाकून दिली जात नसत. ठासणीच्या अॅडम्सना नवे सिलिंडर बसवून ती काडतुसाची केली गेली. त्यामुळे एकाच वस्तूत दोन पिढ्या सापडतात, जशी जुन्या वाड्याच्या दगडी जोत्यावर विटांची माडी असते. एका खुणेवर निकाल देऊ नये, तो यामुळेच.

'याआधी नाही' आणि 'यानंतर नाही'

साल ठरवायचं म्हणजे एक आकडा सांगायचा, असा समज असतो. खरं काम असतं दोन भिंती बांधण्याचं. एक भिंत म्हणते, 'याआधी नाही.' दुसरी म्हणते, 'यानंतर नाही.' दोन भिंतींमधलं अंतर जितकं कमी, तितकं आपलं उत्तर चांगलं.

पहिली खूण कारखान्याचं नाव. बर्मिंगहॅमची वेब्ली कंपनी आपल्याकडे सर्वात ओळखीची. 'पी. वेब्ली अँड सन' असं नाव असेल, तर माल १८९७ च्या आधीच्या कंपनीचा. त्या वर्षी दोन कंपन्या तिच्यात मिळाल्या आणि नावात 'स्कॉट' आलं. १९०६ मध्ये नाव आणखी आखूड होऊन 'वेब्ली अँड स्कॉट लिमिटेड' झालं. म्हणजे नळीवरची एक ओळ वाचून तुम्ही दशक सांगू शकता.

दुसरी खूण चाचणीचा शिक्का. युरोपात बंदूक विकण्याआधी तिच्यात जादा दारू भरून ती फुटत नाही ना हे सरकारमान्य चाचणीघरात तपासत, आणि पास झाली की शिक्का मारत. आपल्याकडे सोन्यावर हॉलमार्क असतो, तसा. लंडन आणि बर्मिंगहॅमचे शिक्के वेगळे, आणि बर्मिंगहॅमचे शिक्के १९०४ मध्ये बदलले. बेल्जियममधल्या लिएज शहराचा शिक्का म्हणजे लंबगोलात 'ईएलजी' ही तीन रोमन अक्षरं. १८९३ पासून त्या लंबगोलावर मुकुट आला. मुकुट आहे की नाही, एवढं पाहिलं तरी १८९३ च्या अलीकडे की पलीकडे हे कळतं.

तिसरी खूण सरकारी मालकीची. ब्रिटिश लष्कराच्या मालावर रुंद बाणाचं चिन्ह असे. त्या बाणाखाली 'आय' हे अक्षर म्हणजे हिंदुस्थान सरकारचा माल. दोन बाण टोकाला टोक लावून असले, तर लष्कराने तो माल विकून टाकला असा अर्थ. 'वेब्ली मार्क सहा' हे १९१५ मध्ये आलेलं लष्करी रिव्हॉल्वर, आणि त्याच्या सांगाड्यावर बनवल्याचं साल सरळ आकड्यात ठोकलेलं असतं. तिथे कोडं सोडवायची गरजच नाही.

चौथी खूण दुकानदाराचं नाव. त्या काळी इंग्रज अधिकाऱ्याला कमरेचं हत्यार स्वतःच्या पैशाने घ्यावं लागे. पुणे कॅम्प आणि खडकीत हजारोंनी फौज होती. त्यातला साहेब लंडनहून येताना एखादं वेब्ली घेऊन येई, किंवा आर्मी अँड नेव्ही स्टोअर्समधून मागवी. त्या दुकानाची शाखा मुंबईतही होती. काळा घोड्यावरची ती इमारत अजून त्याच नावाने ओळखली जाते. असे दुकानदार आपलं नाव आणि पत्ता नळीच्या वरच्या बाजूला कोरून देत. दुकान कधी कुठे होतं हे माहीत असेल, तर पत्ता म्हणजेच तारीख.

आणि शेवटची, सर्वात महत्त्वाची खूण: नंबर. एकट्या नंबरला अर्थ नसतो. पण तोच नंबर एखाद्या कागदावर सापडला, की मुकं लोखंड बोलायला लागतं.

सदाशिव पेठेतलं बुलडॉग

माझ्या एका मित्राच्या घरी अशीच कथा होती. पणजोबांनी तात्या टोप्यांच्या फौजेतल्या कुणाकडून तरी मिळवलेलं रिव्हॉल्वर. ते कित्येक वर्षं रीतसर परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा होतं. मित्राने तिथे जाऊन त्यांच्यासमोर बारकाईने फोटो काढले आणि मला पाठवले.

आखूड नळी, पक्ष्याच्या चोचीसारखी वळलेली मूठ, पाच घरं, आरपार. हा आकार 'बुलडॉग' म्हणून ओळखला जातो. वेब्लीने तो १८७२ मध्ये आणला आणि बेल्जियमच्या कारागिरांनी त्याच्या अगणित नकला केल्या. कारखान्याचं नाव नव्हतं. सिलिंडरवर लंबगोलात तीच तीन अक्षरं, आणि वर छोटासा मुकुट. म्हणजे पहिली भिंत उभी राहिली: १८९३ च्या आधी नाही. तात्या टोपेंना फाशी झाली एप्रिल १८५९ मध्ये. हे हत्यार तयार व्हायला त्यानंतर निदान चौतीस वर्षं होती.

दुसरी भिंत घरातच निघाली. किराण्याची बिलं, पंचांग आणि पोस्टाची पासबुकं असलेल्या पत्र्याच्या डब्यात १९२६ सालचा एक शस्त्रपरवाना होता. त्यावर हत्याराचं वर्णन आणि नंबर. नंबर जुळला. परवाना पणजोबांच्या नावाचा, आणि त्यांचा हुद्दा होता जंगल खात्यातला, खानदेशातला.

हे सगळं मित्राच्या आजीला सांगायचं कसं, हा प्रश्न होता. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग ते लाकूडचोरांचं खरंच होतं म्हणायचं." घरात दोन गोष्टी चालत आल्या होत्या. एक तात्या टोप्यांची, ती सगळ्यांना आवडायची. दुसरी, पणजोबा रात्री-अपरात्री सातपुड्याच्या पायथ्याला लाकूडचोरांच्या मागे एकटे जायचे, ती. ती कुणी फारशी मनावर घेत नसे. लोखंडाने पहिली खोडली आणि कागदाने दुसरीला आधार दिला.

१८७८ च्या शस्त्र कायद्यामुळे हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगता येत नसे, युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. तो कायदा अपमानकारक होताच. पण त्यानेच घराघरांत असे कागद निर्माण केले, हा इतिहासाचा विचित्र न्याय आहे.

नंबर साक्ष देतो तेव्हा

पुण्याच्या इतिहासात हातातल्या हत्याराने झाडलेल्या गोळ्या ठिकठिकाणी आहेत. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्टवर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट तिथेच गेला, रँड ३ जुलैला. २२ जुलै १९३१ रोजी फर्ग्युसन कॉलेजच्या वाडिया ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नर हॉटसनवर जवळून गोळ्या झाडल्या. सोलापूरचा मार्शल लॉ आणि जानेवारी १९३१ मध्ये येरवड्यात झालेल्या चार फाशी यांचा राग त्यामागे होता. गोळी हॉटसनच्या खिशातल्या पॉकेटबुकाच्या धातूच्या बटणाला लागली आणि तो वाचला. ते बटण अजूनही प्रत्येकजण सांगतो. रिव्हॉल्वर कुठलं, हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

तपासयंत्रणेला मात्र ते सुचतं. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनला मारलं. त्याच्या हातात ब्राउनिंग पिस्तूल होतं, लिएजजवळच्या हेर्स्टाल गावातल्या कारखान्यातलं. त्याच वर्षी सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पेटीच्या खोट्या तळात लपवून वीस ब्राउनिंग पिस्तुलं हिंदुस्थानात पाठवली होती. वापरलेलं पिस्तूल त्या वीसपैकी एक, हा दुवा सरकारी पक्षाने धरला आणि लंडनमध्ये बसलेल्या माणसापर्यंत खटला पोचवला. पाचच वर्षांनी, २६ ऑगस्ट १९१४ रोजी, कलकत्त्याच्या रोडा कंपनीची ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं बंगालच्या क्रांतिकारकांनी पळवली. त्या पिस्तुलांचे नंबर कंपनीच्या वहीत होते. नंतर कुठेही माउझर सापडलं की ते त्या ५० मधलं आहे का, हे लगेच कळे.

आणि १९४८. गांधीजींच्या खुनाच्या कटातले महत्त्वाचे आरोपी पुण्याचे होते. माफीचा साक्षीदार झालेला दिगंबर बडगे पुण्यात 'शस्त्र भांडार' चालवायचा. २० जानेवारीच्या फसलेल्या प्रयत्नाआधी दिल्लीत दोन रिव्हॉल्वर तपासून पाहिली गेली. एकाचा सिलिंडर नीट चालेना, दुसऱ्याची गोळी समोरच्या झाडापर्यंतही पोचली नाही, अशी साक्ष झाली. त्यानंतर नथुराम गोडसे आणि नारायण आपटे ग्वाल्हेरला गेले आणि तिथून एक बेरेटा मिळवलं. नंबर ६०६८२४.

आजही कित्येकजण त्याला रिव्हॉल्वर म्हणतात. ते पिस्तूल होतं, इटलीतल्या बेरेटा कंपनीचं १९३४ मॉडेल. इथेही तोच सापळा: १९३४ हे मॉडेलचं साल आहे. या पिस्तुलांवर बनवल्याचं साल वेगळं कोरलेलं असे, आणि शेजारी रोमन आकड्यांत मुसोलिनीच्या राजवटीचं वर्ष. ती गणती ऑक्टोबर १९२२ पासूनची. रोमन बारा म्हणजे ऑक्टोबर १९३३ ते ऑक्टोबर १९३४. एका हुकूमशहाने कॅलेंडर आपल्यापासून सुरू केलं आणि ते पिस्तुलाच्या अंगावर राहून गेलं.

नंबरने काय सिद्ध होतं, हे या खटल्यात नीट दिसतं. जप्त केलेलं हत्यार तेच, हे नंबर सांगतो. झाडलेली गोळी त्यातलीच आहे का, हे नळीतल्या आट्यांचे ओरखडे सांगतात. पण ते ग्वाल्हेरात कुणी कुणाला दिलं, कुणाला काय माहीत होतं, हे लोखंड सांगत नाही. त्यासाठी माणसांच्या साक्षी लागतात, आणि माणसं खोटं बोलू शकतात, विसरू शकतात, घाबरू शकतात. वस्तू 'केव्हा' आणि 'कुठे' याचं उत्तर देते. 'कोणी' आणि 'का' यांची उत्तरं कागद आणि माणसं देतात. दोन्हींची सरमिसळ केली, की एका बाजूला दंतकथा तयार होते आणि दुसऱ्या बाजूला कटाच्या कहाण्या.

वितळण्याआधी

हे सगळं आज का सांगायचं? कारण ही लिपी झपाट्याने पुसली जातेय.

आपल्या कायद्यात जुनेपणाला मर्यादित सूट आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ४५ कालबाह्य किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्याराला वगळतं, पण ते दुरुस्त करूनही चालणार नसेल तरच. म्हणजे शंभर वर्षांचं असलं तरी चालू शकणाऱ्या रिव्हॉल्वरला परवाना हवाच. संयुक्त राष्ट्रांचा बंदुकांविषयीचा करार १८९९ नंतर बनलेल्या हत्याराला 'अँटिक' मानत नाही. साल ठरवणं हा त्यामुळे नुसता छंद राहत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडची हत्यारं तीनवरून दोनवर आणली, वारशाने आलेलीही त्यातच धरली. ज्यांच्याकडे जास्त होती त्यांना ती जमा करावी लागली.

जमा करण्यात गैर काही नाही. घरात भरलेलं किंवा अर्धवट गंजलेलं हत्यार असण्यापेक्षा ते हजार पटींनी बरं. माझी तक्रार वेगळी आहे. हत्यार जातं, त्याबरोबर जुना परवाना रद्दीत जातो, फोटो कुणी काढलेला नसतो, नंबर कुणी लिहून ठेवलेला नसतो. मग उरते ती फक्त 'पेशव्यांच्या काळातलं होतं' ही ओळ. जी वस्तू तिला तपासू शकली असती ती नाही, आणि जो कागद तिला खरी करू शकला असता तोही नाही.

म्हणून घरात असं काही निघालंच, तर चार गोष्टी. हात लावू नका, घोडा मागे ओढून बघू नका. दीडशे वर्षांच्या सिलिंडरमध्येही जिवंत दारू असू शकते. रेकॉर्डवर नसलेलं हत्यार असेल, तर वकिलाला विचारून पोलीस ठाण्याला कळवा. रील करून टाकायची ही वस्तू नाही. ते रीतसर जमा होताना नळीवरची अक्षरं, सिलिंडरवरचे शिक्के आणि नंबर यांचे स्पष्ट फोटो मिळतील असं पाहा. गंज काढायला ब्रश किंवा पॉलिश पेपर घेऊ नका, कारण गंजाबरोबर शिक्केही जातात. आणि परवाना, नूतनीकरणाच्या नोंदी, काडतुसांच्या पावत्या, जे काही कागद असतील ते जपून ठेवा.

शोभेच्या वस्तूंच्या दुकानांत '१८५७' कोरलेली पितळी पिस्तुलं मिळतात. ती ओळखायला भिंगसुद्धा लागत नाही. चाचणीघराचा शिक्का नसतो, नंबर नसतो, फक्त विकत घेणाऱ्याला हवं असलेलं साल ठळक अक्षरात असतं. खऱ्या हत्यारावर नेमकं उलटं असतं. त्यावर आपल्याला हवं ते क्वचितच लिहिलेलं असतं. एखादा मुकुट, एखादा बाण, पुसट झालेले चार आकडे. त्यांच्याकडून साल काढायचं, आणि मग त्या सालात आपल्या घरातलं कोण माणूस होतं, तो काय करत होता, त्याला हे हत्यार का लागलं, हे विचारायचं. उत्तर कदाचित जंगल खात्यातल्या एका रेंजरपाशी थांबेल. पुण्याच्या इतिहासात त्याला जागा नसेल. पण तो खरा होता, आणि त्याचा नंबर जुळतो.